कच्चं लिंबू

अष्टमीला भरती किती वाजता येते? कोकणच्या किनाऱ्यावर या प्रश्नाचं उत्तर एका जुन्या रीतीने देतात: तिथीची पाऊणपट करायची. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी पूर्ण चढलेलं असणार. पंचमीला पावणेचार, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटली की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. हिशेब वाटतो त्यापेक्षा बराच नेमका आहे. चांद्रमासाच्या तीस तिथींमध्ये भरतीची वेळ घड्याळाचे चोवीस तास फिरून येते, म्हणजे तिथीमागे सरासरी ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. खाडीत आत जावं तसं पाणी थोडं उशिरा पोचतं, तेवढी भर ज्याची त्याने घालायची.

नवी मुंबईत नेरुळच्या सेक्टर ६ जवळ सारसोळे हे आगरी-कोळ्यांचं गाव आहे. गाव आणि त्याची जेट्टी यांच्या मधून आता पाम बीच रस्ता जातो. रस्ता ओलांडला की तिवरांची रांग, चिखल आणि खाडी. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली आणि नवं शहर वसवण्यासाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन घेण्यात आली. त्यापूर्वी या पट्ट्यातल्या घरांची चूल तीन गोष्टींवर पेटायची: खारजमिनीतलं भात, मिठागरातलं मीठ आणि खाडीतली मासळी. तिन्ही धंदे पाण्याच्या चढउताराशी बांधलेले. बांधाची उघाडी कधी उघडायची, मिठागरात पाणी कधी घ्यायचं, पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन कधी निघायचं, हे सगळं भरती-ओहोटी ठरवायची.

अशा गावातल्या आठ-नऊ वर्षांच्या पोराला पाऊणपटीचं सूत्र सांगता आलं नाही तरी चिखल कधी उघडा पडणार हे ठाऊक असतं. त्यासाठी कोणी त्याचा तास घेतलेला नसतो. बापाची निघण्याची वेळ, आईची मासळी घेऊन बाजाराला जाण्याची वेळ, घरातल्या जेवणाची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि पंधरवड्याने फिरून जागेवर येते, हे त्याने अंगाने अनुभवलेलं असतं. उधाणाला पाणी बांधाला लागतं, भांगाला ते फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही. हे शब्द त्याला पाण्यासकट मिळतात. सूत्र नंतर कधीतरी कानावर पडतं आणि आधीच माहीत असलेल्या गोष्टीवर चपखल बसतं. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे आपल्या जुन्या शाळांमध्ये घोकून घेत असत. पण पाऊणकी पाठ असलेला मुलगा आणि भरतीची वाट पाहणारा मुलगा एकच असेल, तर त्या पाढ्याला जे मोल येतं ते नुसत्या घोकण्याने येत नाही.

चिखलातलं शिक्षण आणखी बारीक. पाय कुठे घोट्यापर्यंत जाईल आणि कुठे मांडीपर्यंत, हे वरून सारख्याच दिसणाऱ्या चिखलात ओळखावं लागतं. निवटी ओहोटीला चिखलावर उड्या मारत फिरते. हा मासा ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या पोकळीतून हवेतला ऑक्सिजन घेऊ शकतो, आणि चाहूल लागली की बिळात शिरतो. त्याला पकडायचं तर आपली सावली कुठे पडते याचंही भान लागतं. चिंबोरी मागून धरायची, नांगीच्या टप्प्याबाहेर राहून. उलटी केल्यावर पोटावरची झडप अरुंद आणि टोकदार दिसली तर नर, रुंद आणि गोलसर दिसली तर मादी. अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असं म्हणतात. पण म्हणण्यावर कोणी विसंबत नाही, पोटाकडचं कवच अंगठ्याने दाबून बघतात. दहा वर्षांचं पोर हे करतं तेव्हा ते अंदाज बांधतं, तपासतं, चुकतं आणि अंदाज सुधारतं. चुकीचा निकाल तिथल्या तिथे मिळतो, आणि देणाऱ्याच्या मनात मुलाबद्दल राग नसतो. या दुसऱ्या गोष्टीचं महत्त्व आपण पुरेसं ओळखलेलं नाही. चूक केल्यावर मोठ्या माणसाचा चेहरा बदलत नसेल तर मूल चुकीकडे निवांत बघू शकतं.

या सगळ्यात अगदी लहान मूल शिरतं कसं? मराठी अंगणांनी याची सोय फार पूर्वी करून ठेवली आहे. लपाछपी असो, लगोरी असो, विषामृत असो, चार-पाच वर्षांचं धाकटं भावंड खेळायला आलं की मोठी मुलं त्याला कच्चं लिंबू करतात. ते सगळ्यांबरोबर पळतं, लपतं, ओरडतं. ते पकडलं गेलं तरी बाद होत नाही, आणि त्याच्यावर राज्य येत नाही. खेळ त्याच्यामुळे अडत नाही आणि त्याला खेळाबाहेरही बसावं लागत नाही. हे कुठल्याही बालवाडीच्या बाईंनी ठरवून दिलेलं नाही, मुलांनीच आपसात चालवलेलं आहे. मग एक दिवस ते धाकटं मूलच पाय आपटून सांगतं की मी आता कच्चं लिंबू नाही. त्या दिवसापासून त्याच्यावर राज्य येतं, तेही रडतं, हरतं आणि दुसऱ्या दिवशी परत येतं. बढती कधी घ्यायची हे मुलाने स्वतः ठरवावं अशी व्यवस्था मला मोठ्यांच्या फारच थोड्या संस्थांमध्ये दिसते.

जीन लेव्ह या अमेरिकी मानवशास्त्रज्ञ लायबेरियातल्या शिंप्यांच्या दुकानांमध्ये असंच काही पाहत होत्या. तिथला नवा उमेदवार कापड बेतण्यापासून सुरुवात करत नव्हता. आधी बटणं लावणं, काठ दुमडणं, मग शिलाई, बेतणं सर्वांत शेवटी. तयार कपडा पहिल्या दिवसापासून त्याच्या डोळ्यांसमोर असायचा, आणि बटण चुकलं तर ते उसवता यायचं. कापड चुकीचं कापलं तर नुकसान मोठं. लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली या निरीक्षणांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की शिकणं म्हणजे काम करणाऱ्यांच्या गोतावळ्यात काठावरून आत सरकत जाणं. मासळीच्या घरातलं पोरही आधी पाटीतली कोळंबी निवडतं, कचरा बाजूला करतं, डबा उचलून देतं. पाग फेकणं फार पुढचं. काठावरचं काम लहान असतं, पण लुटुपुटीचं नसतं. ते न केल्यास कोणाला तरी करावंच लागतं.

पाहून शिकण्याची ताकद किती, याचा एक सुंदर प्रयोग मारिसेला कोर्रेआ-चावेस आणि बार्बरा रोगॉफ यांनी केला. ग्वाटेमालातल्या माया कुटुंबांमध्ये आणि अमेरिकेतल्या युरोपीय वंशाच्या कुटुंबांमध्ये त्यांनी एका भावंडाला खेळणं तयार करायला शिकवलं, आणि दुसऱ्याला शेजारीच, आपली पाळी येईपर्यंत थांबायला सांगितलं. थांबलेल्या मुलाला कोणी काही शिकवत नव्हतं. पारंपरिक रीतीने राहणाऱ्या, आईचं शालेय शिक्षण फार झालेलं नाही अशा घरांतली माया मुलं दुसऱ्याला चाललेली शिकवणी टक लावून पाहत होती. अमेरिकी मुलांचं लक्ष बरंच इकडेतिकडे होतं. आठवड्याभराने तेच खेळणं या थांबलेल्या मुलांना करायला दिलं, तेव्हा ज्यांनी पाहिलं होतं त्यांना मदत कमी लागली. लक्ष देणं हा काही जन्मजात गुण नव्हे. आपल्यासाठी नसलेल्या गोष्टीतही आपल्याला लवकरच हात घालायचा आहे, असं ज्या मुलाला रोजच्या जगण्यातून कळतं ते बघतं. ज्याला सगळं त्याच्यासमोर आणून, त्याच्या नावाने शिकवलं जातं, ते आपली पाळी येईपर्यंत बघत नाही.

खेळाचीही तीच गोष्ट. ज्याँ पियाजे यांनी स्वित्झर्लंडमध्ये गोट्या खेळणाऱ्या मुलांजवळ बसून, जणू आपल्याला काहीच येत नाही असं दाखवत, त्यांना नियम विचारले. १९३२ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात त्याचा वृत्तान्त आहे. लहान मुलांना वाटायचं की नियम मोठ्यांकडून आलेले आहेत, बदलता येणार नाहीत. दहा-अकराच्या मुलांना मात्र उमगलेलं असायचं की सगळ्यांची संमती असेल तर नियम बदलता येतो. हे उमगणं लोकशाहीचं बीज आहे, आणि ते गोट्यांच्या गलीवर भांडणातून येतं. त्या भांडणात मोठं माणूस पंच म्हणून उतरलं की ते येण्याची वाट बंद होते. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये एक टप्पा आउट आहे की नाही, गच्चीत गेलेला चेंडू कोणी आणायचा, यावर मुलं अर्धा तास घालवतात. तो अर्धा तास वाया जातो असं मानणाऱ्या पालकांना मला कळवळून सांगावंसं वाटतं की कृपा करून मध्ये पडू नका.

आता 'अनस्कूलिंग'कडे, म्हणजे शाळेशिवाय शिकण्याच्या विचाराकडे, येऊ. हा शब्द जॉन होल्ट या अमेरिकी शिक्षकाचा. १९२३ ते १९८५ हा त्यांचा काळ. शाळेत शिकवताना ते मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहिले आणि त्यांना दिसलं की हुशार मुलंही आपली बुद्धी विषयावर खर्च करत नाहीत. शिक्षकाला कोणतं उत्तर हवं आहे हे ताडण्यात ती संपते. १९६४ मध्ये त्यांनी यावर 'हाऊ चिल्ड्रन फेल' लिहिलं, १९६७ मध्ये 'हाऊ चिल्ड्रन लर्न'. पुढची काही वर्षं शाळा सुधारण्यासाठी धडपडून ते त्या आशेवरून उठले आणि १९७७ मध्ये त्यांनी 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक सुरू केलं. घरी वेळापत्रक लावून शाळेचाच अभ्यासक्रम पुरा करणं वेगळं, आणि मुलाच्या कुतूहलामागे जात राहणं वेगळं. होल्ट यांना हे दुसरं हवं होतं. त्यांचा विश्वास असा की मूल शिकण्यासाठीच घडलेलं असतं, त्याला शिकायला लावावं लागत नाही. अमेरिकेतच मॅसॅच्युसेट्समध्ये १९६८ साली सुरू झालेल्या सडबरी व्हॅली शाळेत चार ते अठरा-एकोणीस वर्षांची मुलं एकत्र असतात, आणि कोणी काय करायचं हे ज्याचं तो ठरवतो.

होल्ट यांचं निरीक्षण मला पूर्ण पटतं. माझी अडचण पुढची आहे. सारसोळ्याच्या चिखलात जे शिक्षण होत आलं त्याला तीन आधार होते: मोठ्यांचं खरं काम मुलांच्या डोळ्यांसमोर उघडं होतं, वेगवेगळ्या वयांची मुलं एकत्र होती, आणि या दोहोंच्या मध्ये कोणी मोजत नसलेला मोकळा वेळ होता. शहरात शाळा सोडलेलं मूल चौदाव्या मजल्यावरच्या घरात येतं. आईचं काम लॅपटॉपच्या पडद्यामागे असतं आणि वडिलांचं कार्यालयात. शेजारची मुलं शाळेत गेलेली असतात. अशा घरात शाळा काढून घेतली म्हणून नैसर्गिक शिक्षण आपोआप सुरू होत नाही, कारण ज्या जगात शिरायचं तेच मुलापुढे बंद असतं. जे पालक हा मार्ग गंभीरपणे चालतात ते हे जग मुलासाठी पुन्हा उघडण्याची मेहनत घेतात, आणि ती फार मोठी मेहनत आहे.

दुसरी अडचण ज्ञानाच्या प्रवासाची. १९८५ साली तेरेझिन्या काराहेर, डेव्हिड काराहेर आणि आनालुसिया श्लिमान यांनी ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात बाजारात विक्री करणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास केला. संशोधक आधी गिऱ्हाईक होऊन गेले. बारा वर्षांच्या नारळवाल्याला विचारलं, एक नारळ ३५ ला, तर दहा केवढ्याला? शाळेत शिकवतात तसं त्याने पस्तिसावर शून्य ठेवलं नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तीन, मग आणखी तीन, उरला एक, असं करत तो ३५० वर आला. बाजारात या मुलांनी ९८ टक्के हिशेब बरोबर केले. तेच हिशेब पुढे कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिले, तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली.

याचा भारतातला मोठा पडताळा अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुलं त्यांनी पाहिली. जवळपास सगळी मुलं धंद्यातले गुंतागुंतीचे हिशेब मनात करत होती, पण तेवढीच अवघड किंवा त्याहून सोपी, शाळेच्या धर्तीवरची गणितं त्यांना जमत नव्हती. शेजारच्या शाळांमधल्या, विक्रीचा अनुभव नसलेल्या ४७१ मुलांचं चित्र बरोबर उलटं निघालं. साधी कागदी गणितं त्यांना अधिक चांगली जमली. पण बाजारातला एक हिशेब, जो काम करणाऱ्या मुलांपैकी एकतृतीयांशाहून अधिक मुलांनी सोडवला, तो यांच्यातल्या फक्त एक टक्का मुलांना आला. या अभ्यासाने मला शाळेचे आणि शाळाविरोधाचे, दोन्ही अभिमान एकदम सोडायला लावले. बाजारातलं ज्ञान आपल्या पायांनी वहीत चालत येत नाही, आणि वहीतलं बाजारात जात नाही. मधला पूल कोणीतरी बांधावा लागतो. वाशी पुलाच्या पलीकडे, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीतल्या मुलांचं शाळेबाहेरचं गणित अभ्यासलं ते याच पुलाच्या शोधात. घरोघरी चालणाऱ्या छोट्या उद्योगांत ही मुलं मापं, भाव आणि वाटे हाताळत असतात, आणि वर्गात त्यातलं काहीच विचारलं जात नाही.

आणि एक गोष्ट आपल्याला, महाराष्ट्रातल्या माणसांना, विसरता येणार नाही. शाळा आपल्याकडे लढून मिळवावी लागली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मागणी केली ती प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करण्याची. शेतकऱ्याच्या मुलाचं गुरं राखणं हे नैसर्गिक शिक्षण आहे, असं म्हणून त्याला अक्षरांपासून लांब ठेवणारे लोक त्यांनी पुरेसे पाहिले होते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. खाडीकाठच्या गावांमध्ये जमिनीचा मोबदला, नोटीस, सातबारा या कागदांशी पहिली गाठ पडली तेव्हा अक्षर न येण्याची किंमत किती असते ते घराघराला कळलं. म्हणून एखादं आगरी कुटुंब मुलीला शाळेत घालण्यासाठी धडपडत असेल, तर तिला चिखल जास्त शिकवेल असं सांगण्याचा अधिकार मला नाही. शाळा सोडण्याचं स्वातंत्र्य ज्याला शाळा कधीही परत मिळू शकते त्याचंच असतं.

मुंबईच्या मालविका जोशीची गोष्ट त्या स्वातंत्र्याची आहे. ती सातवीत असताना तिच्या आईने, सुप्रिया जोशी यांनी, तिला दादरच्या शाळेतून काढलं आणि स्वतःची नोकरी सोडून घरी तिच्यासोबत अभ्यासाची वेगळी घडी बसवली. मालविकाने बरेच विषय चाखून पाहिले, त्यातल्या प्रोग्रॅमिंगने तिला धरलं आणि ती तिथेच जास्त वेळ देऊ लागली. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदकं मिळवली. बारावीचं प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचं दार तिला बंद होतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तिची तयारी पाहून तिला वरच्या वर्गात बसू दिलं, आणि २०१६ मध्ये, सतराव्या वर्षी, ती अमेरिकेतल्या एमआयटीत दाखल झाली. या यशात तिची स्वतःची जिद्द आहेच. पण नोकरी सोडू शकणारी आई, घरातली शांत जागा, संगणक आणि तिच्याच वेडाची माणसं भेटवणारी ऑलिम्पियाडची शिबिरं हे सगळं त्यात धरावं लागतं. त्या शिबिरांमध्ये तिला आपलं अंगण सापडलं असं मी म्हणेन.

ज्यांना हा मार्ग घ्यायचा आहे त्यांच्यासाठी कायद्याची बाजू थोडक्यात. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकतो. घरी शिकणाऱ्या मुलांविषयी तो स्पष्ट बोलत नाही. त्याच्या चौथ्या कलमात मात्र एक मोलाची तरतूद आहे: शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीची परीक्षा देता येते. महाराष्ट्राचंही स्वतंत्र मुक्त विद्यालय मंडळ आहे.

आपल्याकडे या विषयाची चर्चा बहुतेक वेळा होल्ट यांच्यापासून सुरू होते. ती ताराबाई मोडकांपासून सुरू व्हायला हवी. १८९२ मध्ये जन्मलेल्या ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम शिकल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. दादरला शिशुविहार चालवताना त्यांच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती: माँटेसरीची सुंदर साधनं शहरातल्या थोड्या घरांपुरतीच राहणार. १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताई स्वतः जिद्दीने शिकलेल्या होत्या. दोघींनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती यांतून साधनं घडवली. लाकडी ठोकळ्यांनी जे क्रमवार शिकवायचं ते लहानमोठ्या शिंपल्यांनी शिकवता येतं, आणि शिंपला मुलाच्या ओळखीचा असतो.

बालवाडी काढली तरी मुलं येईनात. या अनुपस्थितीकडे त्या दोघींनी कसं पाहिलं, ते मला त्यांच्या कामातलं सर्वांत मोठं वाटतं. मुलं येत नाहीत म्हणून त्यांनी पालकांना दोष दिला नाही. मुलं कुठे आहेत ते त्या शोधायला गेल्या. ती पाड्यावरच्या अंगणात होती. म्हणून बाई अंगणात गेली, तिथेच मुलांना न्हाऊमाखू घातलं, तिथेच गाणी आणि खेळ मांडले. अंगणवाडी ही कल्पना इथली. थोडी मोठी मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन असायची. म्हणून पाळणाघर बालवाडीला आणि बालवाडी प्राथमिक शाळेला जोडून विकासवाडी केली, म्हणजे भावंड सुरक्षित राहील आणि ताई मोकळी होईल. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. तिथली वारली मुलं दिवसभर गुरांमागे रानात असायची. मग शाळाच कुरणात नेली. ती कुरणशाळा. गुरं चरत असताना गोष्टी, गाणी, मोजणी आणि अक्षरं, आणि एखादं वासरू भरकटलं तर मुलाने उठून जायचं.

कुरणशाळेत मुलाचं काम, त्याचा खेळ आणि अक्षर एकाच जागी आले होते. तिने रानातल्या शिक्षणाला पुरेसं मानून अक्षर नाकारलं नाही, आणि अक्षरासाठी रान सोडायलाही लावलं नाही. रेसिफेच्या नारळवाल्याला आणि कोलकात्याच्या बाजारातल्या मुलांना जो पूल मिळाला नाही, तो कोसबाडला बांधायला घेतला होता, आणि तो रोज बांधावा लागत होता. गुरं राखणाऱ्या मुलाची मोजणी गुरांपासून सुरू होते. रानात नेलेली गुरं तेवढीच परत आणायची ही काळजी त्याची स्वतःची असते, आणि तिथून कागदावरच्या आकड्याकडे जाणारी वाट शिक्षकाला त्याच्याबरोबर चालावी लागते. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. पुष्कळ ठिकाणी नाव गेलं आणि अंगण मागे राहिलं, एक खोली तेवढी उरली. कुरणशाळेला तर देशभर जाणारं नावही मिळालं नाही, आणि याची मला खंत वाटते.

सारसोळ्याच्या आसपासचं कुरण म्हणजे खाडी. भातशेती आणि मिठागरं शहराखाली गेली, पण जेट्टीवर आजही होड्या लागतात आणि तिवरांत आजही निवट्या उड्या मारतात. गावातल्या मुलांना खाडीकडे जायचं तर मध्ये सुसाट वाहनांचा रस्ता आहे. सोसायट्यांमधल्या मुलांना ती बाल्कनीतून दिसते. थंडीत आलेले रोहित पक्षी दाखवायला पालक गाडीने नेतात आणि दुर्बीण देतात. पक्षी दाखवणं चांगलंच आहे. पण ज्या चिखलातलं शेवाळ तो पक्षी चोचीने गाळून खातो, त्यात पाय न घालता मुलाला त्या पक्ष्याचं निम्मंच कळतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांच्या हाताखाली शिकावं अशी कल्पना आहे. नेरुळच्या शाळांना यासाठी लांब जावं लागणार नाही. माझी सूचना एवढीच की हे दहा दिवस एका सहलीसारखे सलग उरकू नयेत, ते पाण्याच्या आणि ऋतूच्या हिशेबाने वाटावेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा जाळी दुरुस्त होतात. एक दिवस गाठी शिकण्यात जावा. नारळी पौर्णिमेनंतर एक. भांगाच्या दिवसांत ओहोटीला, चिखल जाणणाऱ्या माणसाच्या मागोमाग, दोन. एक बाजारात, मासळी विकणाऱ्या मावशींच्या पाटीशेजारी बसून. तिथे तोंडी हिशेब ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तोच हिशेब फळ्यावर लिहून बघायचा. सहावीतली आणि आठवीतली मुलं एकत्र न्यावीत, म्हणजे धाकट्यांना काठावर उभं राहायला जागा मिळेल. शिक्षकांनी मागे बसावं आणि मुलं काय विचारतात ते लिहून घ्यावं. मावशींचा अर्धा दिवस मोडतो, त्याचं मानधन शाळेने द्यावं, आणि हजेरीपटावर त्या दिवशीच्या शिक्षकाच्या जागी त्यांचं नाव लिहावं.